चूल नसलेलं घर

दाऊदचाचा माझ्यावर कधीच रागावले नाहीत, आणि माझी सगळी पंचाईत तीच आहे. त्यांनी मला चारचौघांत दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मीही काहीतरी उलट बोललो असतो, आठ दिवस तोंड फिरवलं असतं आणि एवढ्या वर्षांत ते प्रकरण विसरूनही गेलो असतो. त्यांनी मला ती सवलत दिली नाही. आता मी निवृत्त आहे, नाशकात बऱ्यापैकी घर आहे, आणि घराचा दरवाजा ओल्या हवेत फुगून चौकटीला घासायला लागला की मला चाचा आठवतात. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही. बायकोला वाटतं, मी सुतारावर चिडलोय.

हे सगळं सौदीतलं, तेलाचा भाव एकाएकी चढला आणि जिकडेतिकडे काहीतरी उभं राहायला लागलं त्या वर्षांतलं. राबिघच्या उत्तरेला समुद्राला लागून बीर अवाद नावाची लहानशी वस्ती होती. बीर म्हणजे विहीर. अवाद नावाच्या माणसानं ती खणली, तिच्याभोवती चार तंबू आले, तंबूंची मातीदगडाची घरं झाली. त्या जागेवर कारखाना यायचा होता, म्हणून वस्ती आत सात-आठ किलोमीटरवर, सरकार बांधून देणार होतं त्या नव्या घरांत हलायची होती. मी ठेकेदार कंपनीत सर्व्हेअर होतो. आमचा कॅम्प, म्हणजे पोर्टाकॅबिनच्या चार रांगा आणि एक मेस, वस्तीपासून चालत अर्ध्या तासावर होता.

पहिल्या दिवशी विहिरीजवळ थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, लावून मी एक डोळा मिटून बघत होतो. मागून कुणीतरी म्हणालं, "तिरपं हाय ते."

मी दचकून वळलो. डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल, अंगात पायघोळ अरबी झगा, कानावर पेन्सिल अडकवलेली, साठीचा एक काळा, लांबोडका म्हातारा. मी विचारलं, "तुम्ही मराठी?"

"बाणकोटचा मी. तिवईचा एक पाय रेतीत रुतलाय तुझा. तो बग आदी, मग माझ्याकडं बग."

पाय खरंच रुतला होता. मी तो सारखा करेपर्यंत ते उभे राहिले. मग कुठला, कुणाचा, अशी चौकशी झाली. मी नाशिकचा म्हटल्यावर म्हणाले, "हातात वही हाय म्हंजे तलाठी तू."

"सर्व्हेअर आहे हो मी."

"तेच ते." त्या दिवसापासून मी तलाठी झालो. माझं खरं आडनाव त्यांना अखेरपर्यंत ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

वस्तीतले लोक त्यांना दाऊद नज्जार म्हणत, म्हणजे दाऊद सुतार. खाडीकाठी मचवे बांधणाऱ्या घरात ते वाढलेले. त्यांची मराठी देश सोडला त्या दिवशी होती तिथेच थांबली होती. मुंबईहून बाणकोटला आगबोट अजून वेळेवर येते का, असं त्यांनी मला विचारलं. ती कधीच बंद झाली म्हटल्यावर दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, जणू मीच बंद केली होती. भांडण ते अरबीत करत आणि मोजमाप मराठीत, तेही वीत आणि हात. हातोडी अंगठ्यावर बसली की मात्र "आई गं" म्हणत, आणि आसपासची सगळी अरब पोरं त्यांच्यामागून "आई गं, आई गं" ओरडत पळत. चाचा त्यांच्यावर रंधा उगारत, मग स्वतःच हसत.

त्यांचं एक पालुपद होतं: "लाकडाला इचारलंस काय?" कुणी म्हणालं ही फळी इथे कापून द्या, की हे ठरलेलं. पुढे पुढे ते कशालाही लागू व्हायला लागलं. सालिमनं, म्हणजे अवादच्या मुलानं, आपल्या मुलीचं लग्न जेद्द्यात ठरवलं तेव्हाही चाचांनी त्याला अरबीत हेच विचारलं. सालिम चाळिशीचा, वस्तीचा प्रमुख, चांगला भारदस्त माणूस. तो मुकाट्यानं उठून घरात गेला, मुलीला विचारून आला आणि म्हणाला, "लाकूड हो म्हणतंय."

बीर अवादमधलं एकूण एक दार चाचांनी केलेलं होतं. त्या मुलखात झाड नाही. समुद्रानं फेकलेल्या फळ्या, जेद्द्याच्या बंदरातली फुटकी खोकी, मोडलेल्या ट्रकचा हौदा, यांतून दारं व्हायची. आणि प्रत्येक दार त्या त्या घरासारखं. एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या दाराला त्यांनी कडीच्या जागी दोरीची गाठ दिली होती, म्हणजे हाताला सापडेल. एका घरात दोन भावांचं पटत नव्हतं, तिथे एकाच चौकटीत दोन अर्धी दारं बसवली होती. कुठलं बिऱ्हाड आधी आलं, कुठलं मागून, कोण दुष्काळात उंट विकून आलं, कोण बायकोच्या माहेरचं म्हणून आलं, हे त्यांना दारांवरून सांगता यायचं. मी नकाशा काढत होतो, पण वस्ती मला माहीत झाली ती त्यांच्या तोंडून.

ते स्वतः तिथे आले ते आईला हजला घेऊन. मक्केहून मदिनेला जाताना यात्रेकरूंचा ट्रक पाण्यासाठी विहिरीवर थांबला आणि आईनं तिथेच डोळे मिटले. तिचं दफन झालं, आणि लगेच चाचांना तापानं धरलं. ट्रक थांबणार तरी किती? अवादनं त्यांना आपल्या घरात नेऊन निजवलं. दीड महिन्यानं माणूस उठला, तर परत जायचं मन होईना. आईला रेतीत एकटी टाकून कसा जाऊ, म्हणाले. त्यांनी अवादच्या घराला लागून एक खोली उभी केली, दार बसवलं आणि स्वयंपाकाला तीन दगड मांडले. अवाद आला, त्यानं एकेक करून तिन्ही दगड उचलले आणि विहिरीपलीकडे फेकून दिले. म्हणाला, "माझ्या चुलीवर भांडं आहे तोवर तू वेगळा विस्तव पेटवलास, तर लोक म्हणतील अवादचा पाहुणा उपाशी राहिला."

तीसेक वर्षं झाली होती त्याला. चाचांच्या खोलीत चहापुरताही विस्तव पेटला नव्हता. अवाद वारला त्या दिवशीसुद्धा सालिमच्या आईनं, उम्म सालिमनं, डोळे पुसत त्यांचं ताट वेळेवर पाठवलं. हे चाचा मला सांगायचे ते मान ताठ करून. तिथल्या माणसाला पाहुणेपणाहून मोठं काही देता येत नाही, आणि चाचांना ते मिळालं होतं. हे सगळं मला चांगलं माहीत होतं. मला ते माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

आमच्या मेसमधला गुहागरचा आचारी एकदा सुट्टीवरून येताना कुळीथ घेऊन आला. मी त्यातले किलोभर चाचांना नेऊन दिले. त्यांनी पिशवीत नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग ती पिशवी जशीच्या तशी उम्म सालिमकडे दिली. त्या बाईनं आयुष्यात कुळीथ पाहिलेला नव्हता. तिनं त्यात सुकं लिंबू, वेलदोडे आणि बकऱ्याची चरबी घालून तो शिजवला, म्हणजे शिजवायचा प्रयत्न केला. चाचांनी ताट चाटूनपुसून साफ केलं, अरबीत म्हणाले, "माझ्या आईच्या हातचा अगदी असाच असायचा." आणि मला मराठीत म्हणाले, "दगड हायत दगड. पण खा मुकाट, ती पडद्याआडून बगतेय."

ते मला कॅम्पच्या वाटेपर्यंत सोडायला आले तेव्हा मी म्हणालो, "चाचा, एकदा तुमच्या खोलीत गुपचूप कुळथाची पिठी करू. आचारी येईल. कुणाला कळतंय?"

"धूर दिसतो, तलाठी."

"आपण स्टोव्ह आणू."

ते चालायचे थांबले. "आणि मला कळंल त्याचं काय?"

मी हसलो. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे.

मग गणनेचं काम निघालं. वस्ती हलवण्याआधी तिथल्या घरांची यादी करून सरकारी कचेरीकडे द्यायची होती. यादीत ज्याचं घर, त्याला नव्या वस्तीत घर. आणि जो घरधनी म्हणून लागला तो जुना रहिवासी, त्याचे राहण्याचे कागद कचेरी करून देणार. बाकी सगळे बाहेरचे. चाचांकडे कसलाच कागद नव्हता. ते आले तेव्हा कागद विचारायला तिथे कुणी नव्हतंच. इकामा आणि कफील, म्हणजे राहायचा परवाना आणि त्याची हमी घेणारा मालक, या भानगडी आमच्यासारख्या मागून आलेल्यांच्या. तेव्हा ही यादी त्यांच्यासाठी काय होती, ते उघड होतं. ते मला म्हणालेही, "आता माझं बी एकदाचं नाव लागंल बग."

आमचा मुख्य इंजिनियर लेबनॉनचा होता. त्यानं मीटिंगमध्ये विचारलं, असलं काम पूर्वी कुणी केलंय का? मी हात वर केला. नोकरीसाठी तिकडे जाण्याआधी मी निफाडला तहसील कचेरीत होतो आणि जनगणनेची ड्यूटी इमानदारीनं केलेली होती. मी उठून फळ्यावर खडूनं लिहून समजावून सांगितलं: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. छपरं कितीही असोत, चूल मोजायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं. सरकारी कचेरीनं फॉर्मांसोबत दोन पानांच्या सूचना पाठवल्या होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. जनगणना मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

घरोघर फिरायला चाचा माझ्याबरोबर आले. ते नसते तर पहिल्याच दारात मला हाकललं असतं. दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूला, दाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि खाकरायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. बायकांच्या नावांचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. परक्या माणसासमोर तिथला नवरा बायकोचं नाव मरेपर्यंत घेणार नाही. चाचा घरधन्याला चार पावलं बाजूला नेत, तो त्यांच्या कानात नावं सांगे, आणि चाचा येऊन मला मराठीत पुटपुटत. वर दर वेळी बजावत, "लिव आणि इसर." अठ्ठावीस घरांतल्या सगळ्या बायकांची नावं त्या दोन दिवसांत त्या माणसाच्या कानात पडली, आणि एकाही नवऱ्याला त्याचं काही वाटलं नाही.

सालिमच्या घरी मात्र उम्म सालिम अडून बसली. माणसं मोजली की दृष्ट लागते, कमी होतात, म्हणाली. सालिमनं समजावलं, उपयोग नाही. चाचांनी पडद्याबाहेरून तिला विचारलं, "मोजू नकोस गं बाई. उद्या भाकरी किती भाजशील तेवढं सांग." त्यांच्याकडे माणशी एक मोठी भाकरी असे. आतून आवाज आला, अकरा.

सालिमच्या घरची माणसं सांगून झाली, ती दहा भरली. मी विचारलं, "अकरावं कोण?"

"मी," चाचा म्हणाले, आणि लाजल्यासारखं हसले.

मी त्यांचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात घरधन्याशी नातं लिहायचं होतं. फॉर्मवर बायको, मुलगा, मुलगी, इतर नातेवाईक आणि नोकर एवढेच पर्याय छापलेले होते. पाहुणा असा पर्याय नव्हता. नातेवाईक ते नव्हते. मी क्षणभर थांबलो. मग 'नोकर' यावर खूण केली. मनात म्हटलं, फॉर्मच तसा आहे, आपण काय करणार.

"काय लिवलंस रे?" त्यांनी विचारलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"तुमचं नाव लिहिलं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सरकारात नाव लागलं म्हणायचं. आई असती तर तिला सांगितलं असतं."

बाहेर पडलो तर पुढचं दार त्यांचंच. ते दाराशी जाऊन उभे राहिले, म्हणाले, "हे?" मी म्हटलं, "झालं ना, सालिमच्या पानावर आलात तुम्ही." ते म्हणाले, "बरं." तेवढंच. माझ्या हातात वही होती आणि वहीवाल्या माणसावर त्यांचा विश्वास होता.

आठवडाभरानं इंजिनियरनं मला बोलावलं. टेबलावर माझी यादी आणि माझाच नकाशा शेजारी शेजारी पसरलेला. यादीत घरं अठ्ठावीस, नकाशात दारं एकोणतीस. "एक कुठे गेलं?" त्यानं सहज विचारलं. मी म्हणालो, बघतो.

केबिनमध्ये येऊन मी त्या दोन पानांच्या सूचना पहिल्यांदा वाचल्या. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की ज्याला स्वतंत्र दार आहे आणि ज्यात माणूस राहतो ते प्रत्येक घर वेगळं धरावं, मग त्या माणसाचं जेवण कुठेही होत असो. इतकं स्वच्छ लिहिलं होतं. 

पाच दिवसांवर माझी सुट्टी होती. दोन वर्षांनी घरी जाणार होतो. मी निघालो तेव्हा बायकोच्या पोटात असलेली मुलगी आता चालायला लागली होती आणि मी तिला बघितलेलं नव्हतं. यादी तीन प्रतींत टाइप झाली होती, तिचं अरबी भाषांतर झालं होतं. ती दुरुस्त करायची तर सुट्टी पुढे जाण्याची भीती होती. लोकांना मी हेच कारण सांगितलं असतं, आणि लोकांना ते पटलंही असतं. पण ते खरं नाही. शेवटी एक पान जोडलं असतं तरी भागलं असतं, दोन तासांचं काम. मग इंजिनियरनं विचारलं असतं की हे सुटलं कसं, आणि मला सांगावं लागलं असतं की फळ्यावर खडूनं लिहून जनगणना शिकवणाऱ्या माणसानं सूचनाच वाचल्या नव्हत्या. मला ते सांगायचं नव्हतं. कारण एवढंच होतं.

मी नकाशा काढला आणि चाचांच्या खोलीवर लिहिलं, 'कोठार'. दारं अठ्ठावीस झाली. इंजिनियर म्हणाला, "शाबास." मी स्वतःला समजावलं की सुट्टीवरून आलो की चाचांचं काहीतरी करू, सालिमशी बोलू, अर्ज देऊ. विमानात बसल्यावर मुलीसाठी घेतलेली बाहुली मांडीवर ठेवून मी झोपलो, आणि छान झोप लागली.

दीड महिन्यानं परतलो तेव्हा नवी घरं तयार होती. सरकारी कचेरीचा माणूस वस्तीत टेबल मांडून बसला होता आणि एकेका घरधन्याला नव्या घराची चावी देत होता. नकाशा दाखवायला मला शेजारी बसवलं होतं. चाचा दिसले. माझ्यासाठी लांबूनच हात केला, मुलगी कशी आहे म्हणून खुणेनं विचारलं. आज त्यांनी स्वच्छ धुतलेला झगा घातला होता.

सालिमची पाळी आली. त्या माणसानं पान वाचलं आणि शेवटी वाचलं, "दाऊद, खादिम." खादिम म्हणजे नोकर.

सालिम हसला, चूक झाली आहे असं समजून. म्हणाला, "खादिम नाही. माझ्या वडिलांचा पाहुणा आहे. त्याचं वेगळं घर आहे, माझ्या घराला लागून."

कचेरीचा माणूस काही वाईट नव्हता. त्यानं नकाशावर बोट फिरवलं, थांबवलं आणि मला विचारलं, "मुहंदिस, इथे घर आहे की कोठार?"

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. मी इंजिनियर नव्हतो, पण तिथे सगळे मला असंच म्हणत आणि मी कधी दुरुस्त केलं नव्हतं. समोर सालिम होता, त्याच्यामागे चाचा, आणि माझ्या डाव्या हाताला आमचा लेबनॉनचा इंजिनियर चहा पीत बसला होता. खोली तर तिथून दिसत होती. कुणीही वळून बघितलं असतं तरी दिसली असती.

मी म्हणालो, "मखझन." कोठार.

सालिमनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याची नजर मला अजून सहन होत नाही. तो बोलायला लागला, मोठ्यानं. त्याच्यामागचे लोकही बोलायला लागले. आंधळा म्हातारा काठी आपटत पुढे आला. कचेरीच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की कागदावर शिक्का बसला आहे, आणि माणूस परदेशी आहे, इकामा नाही. घर असतं तर गोष्ट वेगळी होती. आता एकच रस्ता आहे: सालिमनं त्याचा कफील व्हावं आणि नोकर म्हणून त्याचे कागद करून घ्यावेत. मग इथेच राहता येईल.

सालिम लगेच म्हणाला, "कर. आत्ता कर."

"नाय," चाचा म्हणाले. मराठीतच म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. सालिमच्या खांद्यावर हात ठेवून अरबीत बोलले. "तुझ्या बापानं मला तीस वर्षं पाहुणा म्हणून जेवू घातलं. आज मी नोकर म्हणून अंगठा लावला, तर ते सगळं जेवण पगाराचं होईल. मी नाही लावणार."

सालिमनं त्यांचे हात धरले, विनवणी करत त्यांच्या दाढीला हात लावला, आणखी काय करतो माणूस. चाचा ऐकेनात. गर्दी पांगल्यावर ते माझ्यापाशी आले. मला वाटलं आता बोलतील. मला ते हवंही होतं.

हळू आवाजात म्हणाले, "तुझा सायेब बाजूला बसला होता. मी बगितलं. नोकरी हाय तुझी, पोर लहान हाय. असू दे."

 तेव्हाही मी बोलू शकलो असतो. टेबल अजून मांडलेलं होतं, कचेरीचा माणूस कागद आवरत होता. मी नकाशाची गुंडाळी केली आणि तिला नीट रबर लावलं.

पुढचे पंधरा दिवस त्यांना मायदेशी परत पाठवायचे कागद रंगवण्यात गेले. त्या पंधरा दिवसांत चाचांनी नव्या वस्तीत जाऊन अठ्ठावीस घरांची दारं तपासली. ठेकेदाराची दारं पत्र्याची होती. काही घासत होती, ती त्यांनी सारखी करून दिली. मी तिकडे फिरकलो नाही. नाशिकला परत आल्यावर बाणकोटला जायचं मी किती वेळा ठरवलं, ते सांगण्यात अर्थ नाही. एका दिवसाचा प्रवास आहे. गेलो नाही. पत्रही लिहिलं नाही, कारण पत्रात काय लिहायचं ते मला माहीत होतं.

ते निघाले त्या सकाळी कंपनीची पिकअप जेद्द्याला जाणार होती आणि त्यांना विमानतळावर सोडणार होती. मला जावंच लागलं, कारण गाडीचा कागद माझ्या सहीचा होता. सगळी वस्ती जमली होती. बायका एका बाजूला, काळ्या बुरख्यांत, आणि त्यांतली उम्म सालिम कुठली हे मला रडण्यावरून कळलं. सालिमनं भाकऱ्या आणि तळलेला मासा बांधलेलं फडकं चाचांच्या मांडीवर ठेवलं. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

चाचा मागच्या हौद्यात पत्र्याच्या पेटीवर बसले होते. बाणकोटला भाऊ वारला होता, पुतणे मुंबईला गेले होते, घर बंद होतं, एवढं त्यांना जेद्द्याच्या कुणा कोकण्याकडून कळलं होतं. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी हौद्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. ते वाकले आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात, मराठीत, मला म्हणाले, "तलाठी, एक इचारतो. हसू नको."

"विचारा ना."

"आता तिकडं मला सोताच शिजवायला लागंल. भाताला पाणी किती घालतात रे?"

मला नीट माहीत नव्हतं. दोन वर्षं मेसमध्ये जेवत होतो, त्याआधी आई वाढत होती. तरी मी म्हणालो, "एक वाटी तांदळाला दोन वाट्या."

"एकाला दोन," ते म्हणाले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. चाचा मांडीवरचं फडकं दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, एकाला दोन, एकाला दोन, शाळेतला मुलगा पाठ करतो तसे, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत.